बारा किलोंची बॅग

बॅग छातीशी कवटाळून ती वजनकाट्यावर चढली आणि नणंदेला म्हणाली,

"आकडा वाच गं. मला खालचं काही दिसत नाही."

"त्र्याऐंशी."

"त्यातून माझे साठ गेले... तेवीस?"

"साठ तू माझ्या लग्नात होतीस, वहिनी. अडुसष्ट धर. बॅग आठ किलोंनी हलकी होईल."

ती खाली उतरली. पंधरा. तरी तीन किलो जास्तच.

परीक्षेत पुस्तकं उघडून लिहायची मुभा होती; अट एकच, माणशी एक बॅग, बारा किलोंची. बारा वर्षं ती ऑफिसात इमारतींचं गणित करत होती आणि खाली सही साहेबांची होत होती, कारण परवाना त्यांच्याकडे. तो मिळवायला ती दोनदा या परीक्षेला बसली, दोनदा पडली. यंदा पडली तर पुढची पाच वर्षं अर्जही करता येणार नव्हता. म्हणून चार महिने ती पुस्तकं निवडत होती. अभ्यास निवडून झाल्यावर करायचा होता.

"हे हिरवं धूड काढ की," नणंद म्हणाली. "पाटा उचलल्यासारखं वाटतंय."

"क्लासचं आहे ते! सगळे म्हणतात, दुसरं काही नेऊ नका, पण हे न्या. हे बघ."

तिने खूण घातलेलं पान उघडलं. उतारावरची पाण्याची टाकी, चार खांब, त्यातला चढाकडचा एक बाकीच्यांहून आखूड. भूकंपात त्या आखूड खांबावर सगळ्यात जास्त जोर येणार. मग त्याच्याभोवती खड्डा मोकळा ठेवून त्याचीही उघडी लांबी बाकीच्यांएवढी केलेली. दीड पानात काम फत्ते.

"कसलं डोकं आहे बघ. मला जन्मात सुचलं नसतं. म्हणून तर दोनदा आपटले."

"मला काय कळतंय त्यातलं," असं म्हणत नणंद पुस्तकावर वाकली. "टाकीचं वजन, पाणी, वारा, भूकंप... आणि हे काय, कुत्रा? चाळीस किलो? कुत्र्याचंही धरता तुम्ही?"

"छे, कुत्रा कशाला कोण धरेल?"

"अगं, छापलंय."

तिने चष्मा वर ढकलला. खड्ड्यावरच्या जाळीचा भार: कुत्रा, चाळीस किलो.

ती जाळी पुढे जिथे बसली, नेमका तिथेच टाकीच्या मालकाचा कुत्रा दुपारभर पसरलेला असायचा. ती जागा बघायला गेली तेव्हा त्याने तिला दोन तास तिथे फिरकू दिलं नव्हतं. नऊ वर्षं झाली त्या गोष्टीला. ऑफिसात परतल्यावर तिने रागारागाने त्याचं वजनही भारात मांडलं होतं. साहेबांनी न वाचता सही केली होती.

पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत या गणिताबद्दल साहेबांचे आभार मानले होते. ते तिने दोनदा वाचले. मग पुस्तक मिटलं आणि कपाटावर ठेवून दिलं.

"अगं, हे न्यायचंच होतं ना?"

"नको. तीन किलोंचा प्रश्न मिटला."

"आत्ता तर म्हणालीस, जन्मात सुचलं नसतं."

"सुचलं होतं," ती म्हणाली आणि बॅगेची चेन लावू लागली.