एक दात, बाकी दाणे

भाचा चमच्यांचे फोटो काढायचा. चमचे, साबण, कुलुपं, बरण्या, म्हणजे सूचिपत्रात छापायच्या वस्तू. या मंडळींचा मोठा गुण असा की ती हलत नाहीत. त्यामुळे तो कॅमेरा स्टँडवर बसवायचा, कॅमेऱ्याची उजेडाची हाव ठरवणारा आयएसओचा आकडा अगदी तळाला न्यायचा, शटर निवांत उघडं ठेवायचा, आणि चमच्यात बघणाऱ्याला स्वतःची भुवई दिसेल असा फोटो निघायचा. आयएसओ वाढवला की अंधुक उजेडातही फोटो झटकन निघतो, पण त्यावर वाळू भुरभुरल्यासारखे दाणे येतात. दाणेदार फोटो म्हणजे त्याच्या लेखी न घासलेलं भांडं.

त्या संध्याकाळी तो कामावरून थेट, कॅमेरा-लॅपटॉपच्या पिशवीसकट, आत्याला घेऊन दाताच्या डॉक्टरांकडे गेला. आत्याच्या तोंडात स्वतःचा असा एकच दात उरला होता, समोरचा, आणि आज तोही निघणार होता. बाहेरच्या खोलीत, मिणमिणत्या दिव्याखाली बसून तिने जाहीर केलं की तिला या दातासकट हसतानाचा फोटो हवा.

"इतकी वर्षं एकट्याने खिंड लढवली त्याने," ती म्हणाली. "निरोप नको द्यायला?"

फ्लॅशचा प्रश्नच नव्हता. फ्लॅश उडाला की आत्याचे डोळे मिटायचे. घरातल्या प्रत्येक समारंभाच्या फोटोत ती बसल्या बसल्या झोपलेली होती. भाच्याने स्टँड उभा केला आणि तिला हसून तसंच थांबायला सांगितलं.

पण आत्याचं हसणं ओठांपुरतं नव्हतं. ती पोटापासून गदगदायची, खुर्चीसकट. पहिल्या फोटोत तिला तीन दात आले. दुसऱ्यात दाताला शेपूट फुटलं. भाच्याने तिला श्वास रोखायला लावला, डोकं भिंतीला टेकवायला लावलं, आणि शेवटी काकुळतीला येऊन म्हणाला, "आत्या, जरा चमच्यासारखी बस ना."

त्यावर ती अशी हसली की शेजारच्या पेशंटने सुजलेला गाल धरून दयेची याचना केली.

तेवढ्यात नर्सने आत्याला आत बोलावलं. हा दात काही पुन्हा मिळणार नव्हता. भाच्याने कॅमेरा स्टँडवरून उपटला, मन घट्ट केलं आणि त्याचा अंगठा आजवर कधीच गेला नव्हता तिथपर्यंत आयएसओ चढवला. दारात पोचलेली आत्या नर्सला म्हणाली, "चला, चमचा आला," आणि स्वतःच्याच विनोदावर गदगदत मागे वळली. त्याने बटण दाबलं.

ती आत गेल्यावर त्याने लॅपटॉपवर फोटो उघडला. दात लख्ख होता. बाकी सगळीकडे दाणेच दाणे, जणू आत्या वाळूच्या वादळात हसत होती. त्याला राहवेना. त्याने दाणे पुसायची सोय चालवली. भिंत गुळगुळीत झाली, आत्याचे गाल साबणासारखे झाले. मग त्याच्या लक्षात आलं की दातही गेला. छोटा, पांढरा, एकटा ठिपका. संगणकाने तोही दाणाच समजून काढून टाकला होता. डॉक्टरांना निदान भूल तरी द्यावी लागत होती.

त्याने मूळ फोटो परत आणला.

आत्या गालात बोळा धरून बाहेर आली. तिने लॅपटॉप जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. दाणे जरा जास्तच आलेत, असं तो जमिनीकडे बघत पुटपुटला.

"एवढ्या सुरकुत्यांत तुझे दाणे कोण मोजतंय?" बोळा सांभाळत ती म्हणाली. "दात आलाय ना? मोठा करून दे."

आता तो फोटो तिच्या बैठकीच्या खोलीत आहे, खिडकीएवढा. दाणेही त्याच मापाने वाढलेत. भाचा तिच्याकडे गेला की लांबच्या खुर्चीवर बसतो. आत्या मात्र आल्यागेल्याला जवळ बोलावते आणि नवी कवळी दाखवत त्या वादळातला दात ओळखायला सांगते.