पांढऱ्या एप्रनची धास्ती

मित्रांनो, मी एक जुना एप्रन आहे. औषधनिर्माणशास्त्राची मुले प्रयोगशाळेत घालतात ना, तो पांढरा, लांब बाह्यांचा. जगातले सगळे कपडे डागांना घाबरतात. मी मात्र स्वच्छ राहायला घाबरतो. का, ते ऐका.

माझा जन्म जिन्याखालच्या एका शिंप्याच्या दुकानात झाला. शिंपीबाबांच्या मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकांची कामे बाजूला सारून जाड सुती कापड टेबलावर पसरले. मापे हिरव्या शाईच्या पेनाने लिहिली. ते पेन म्हणजे त्यांचा जीव की प्राण!

"ठकू, खिसे खोल ठेवतो हं. हात पुरता आत गेला पाहिजे."

"बाबा, मी काय थंडीत गस्त घालायला चाललेय?" ठकू हसली.

पहिले वर्ष मजेत गेले. माझ्यावर पिवळे, जांभळे डाग पडले, आम्लाने एक भोकही पाडले. सुट्टीच्या दिवशी बाबा मला धुताना प्रत्येक डागाचे नाव विचारायचे. एकदा तर मी चांगला स्वच्छ होऊन गॅलरीत वाळत होतो आणि वाळता वाळता माझ्यावर काळे ठिपके उमटले. बाबा चक्रावलेच.

"हे सिल्व्हर नायट्रेट, बाबा," ठकू म्हणाली. "उडतं तेव्हा पाण्यासारखं दिसतं. ऊन लागलं की काळं पडतं."

"म्हणजे चोर उन्हात सापडतो म्हण की!" बाबा म्हणाले. पुढे ठकूने कॉलेजातल्या एका द्रावणाने ते ठिपके काढून टाकले.

दुसऱ्या वर्षी मात्र हसू आटले. नवे सहा विषय आले आणि मागच्या वर्षीचे राहिलेले दोन मानगुटीवर बसलेलेच होते. सकाळी तास, दुपारी प्रात्यक्षिके, संध्याकाळी जर्नल. औषधांची नावे, त्यांच्या मात्रा, वनस्पतींची मुळे, कायद्याची कलमे. एक पाठ करावे तर दुसरे निसटायचे. माझे खिसे चिठ्ठ्यांनी फुगले होते आणि ठकू दिवसेंदिवस वाळत चालली होती.

मग ती तोंडी परीक्षा आली. मॅडमनी लहान मुलाला एका औषधाची मात्रा किती द्यायची, ते विचारले. ठकूने आकडा बरोबर सांगितला, पण मिलिग्रॅमच्या जागी ग्रॅम म्हणाली.

मॅडमनी आवाजसुद्धा चढवला नाही. "हजारपट दिलंस. ते मूल आता नाही. पुढचा प्रश्न."

ठकूची मूठ माझ्या खिशात आवळली गेली आणि थंड घामाने माझे अस्तर भिजले. बाबांनी खिसा खोल शिवला होता, पण ती भीती काही त्यात मावली नाही.

त्या दिवसानंतर ती रोज वेळेवर घरून निघायची, कॉलेजच्या फाटकापर्यंत जायची आणि मागे वळायची. बागेतल्या बाकावर दिवसभर बसून राहायची. मी पिशवीत, डब्याखाली दडपलेला. आधी तिचे पुटपुटत पाठ करणे ऐकू यायचे. मग तेही थांबले. मला अंधारात धडकी भरायची. हजेरी भरली नाही तर परीक्षेलाच बसता येत नाही. वर्ष गेले असते, आणि ठकू पुन्हा त्या फाटकातून आत जाईल याचा मला भरवसा नव्हता. माझे तर काय, दुकानात मशीन पुसायला फडकी लागतातच.

आणि नेमके तेव्हाच माझे कौतुक सुरू झाले! "पोरगी किती टापटीप झाली बघा, एक डाग नाही," बाबा गिऱ्हाइकांना मला दाखवत. गिऱ्हाइके माना डोलावत.

स्वच्छ एप्रनच आपले बिंग फोडेल, हे ठकूला कळले असावे. एका सकाळी तिने दुकानातले पेन उघडून माझ्या बाहीवर एक थेंब टाकला.

बाबा माझ्या पाठीवर इस्त्री फिरवत होते, तोच त्यांचे बाहीकडे लक्ष गेले आणि ते थांबले. "ठकू, माझं पेन कॉलेजात नेलं होतंस?"

"नाही तर."

"मग ही हिरवी शाई?"

इस्त्री माझ्या पाठीवर तशीच राहिली आणि मी भाजत होतो.

"बाबा, मी जातच नाही हो," ती रडत म्हणाली. "एवढं सगळं माझ्या डोक्यात नाही मावत. कुणाचा तरी जीव जाईल माझ्या हातून."

करपल्याचा वास आला तेव्हा कुठे बाबांनी इस्त्री उचलली. "मला यातलं काही कळत नाही, बाळा," ते म्हणाले. "मलाही भीती वाटतेय. पण चल, तुझ्या मॅडमना विचारू."

मॅडमनी दोघांना बसवले आणि शांतपणे ऐकून घेतले. "सगळे विषय एकदम द्यायला तुला कुणी सांगितलं? आधी मागचे दोन काढ. मग यंदाचे झेपतील तेवढे. उरतील ते पुढच्या वेळी. उद्यापासून रोज आलीस तर हजेरी अजून भरते."

"पण मी परत चुकले तर?"

"चुकशीलच. इथे चूक, इथे कुणी मरत नाही. फक्त एकक दोनदा वाच. लिहिताना एकदा, देताना एकदा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ठकू घरी आली आणि मला खुर्चीवर टाकून आडवी झाली. बाबांनी मला उचलले. कॉलर पाहिली, बाह्या पाहिल्या, उलटून पाठ पाहिली. करपल्याची खूण आणि ती हिरवी शाई सोडली, तर मी पांढराशुभ्र होतो. त्यांचा चेहरा पडला. तिला उठवून विचारायचा त्यांना धीर होईना. त्यांनी मला गॅलरीत टांगले आणि ते दाराशीच उभे राहिले. मला ओरडून सांगायचे होते, पण एप्रनला तोंड कुठले?

ऊन हळूहळू माझ्या बाहीवर सरकले. मनगटाशी काहीतरी चुरचुरले. आधी फिकट तपकिरी, मग गडद, मग काळाकुट्ट ठिपका.

बाबांनी त्यावर बोट ठेवले. "सापडला चोर," ते पुटपुटले, आणि उंबऱ्यातच बसून लहान मुलासारखे रडले.

मित्रांनो, ठकू आता दवाखान्यात औषधे देते. तिचे सगळे विषय सुटायला जरा जास्त वेळ लागला, एवढेच. प्रत्येक चिठ्ठी ती ओठ हलवत दोनदा वाचते. घाबरते अजूनही. तिच्या अंगावर नवा एप्रन असतो आणि मी दुकानातल्या खिळ्यावर असतो, पाठीवर करपलेला, मनगटावर काळा ठिपका घेऊन. तो ठिपका बाबांनी कधीच काढू दिला नाही.

एक विनंती आहे. तुमच्या घरातले कुणी अचानक फारच टापटीप दिसू लागले, तर शाबासकी देण्याआधी जवळ बसून त्याची चौकशी करा. आणि त्या बाकावर तुम्हीच बसला असाल, तर खोटा डाग शोधू नका. तसाच स्वच्छ एप्रन घेऊन घरी जा आणि घाबरलोय म्हणून सांगा.