हवेतला गोंगाट

टॉवरवाल्याने हातातला अँटेना दाराकडे वळवला आणि मापकाचा काटा शेवटाला जाऊन टेकला. सकाळपासून तो मोबाईलच्या लहरींतल्या या गोंगाटाच्या मागावर गल्लीबोळ तुडवत होता. वस्तीतला एकही फोन धड लागत नव्हता, अगदी रुग्णवाहिकेलासुद्धा. कंपनीतल्या शहाण्यांनी हात टेकले, तेव्हा हे लोढणं याच्या गळ्यात पडलं.

दार सुनेने उघडलं. आत खिडकीपाशी तिची सासू मांडीवर मोबाईल घेऊन बसली होती. तिच्या डोक्यावर भिंतीला रेंज वाढवायचं एक स्वस्तातलं यंत्र लुकलुकत होतं.

"हाच तो चोर," टॉवरवाला म्हणाला. "आजी, याचे दोन्ही अँटेना एकमेकांना खेटून बसवलेत. हे स्वतःचंच ऐकतं आणि पुन्हा मोठ्याने ओरडतं. त्यात टॉवरला दुसऱ्या कुणाचं काही ऐकूच येत नाही."

"माझ्या मुलाचा फोन यायचाय," म्हातारी म्हणाली. "घरात रेंज नसायची, म्हणून लावून घेतलं."

"अहो, याच्यामुळेच येत नाही. औषधच रोग होऊन बसलंय."

सुनेने त्याला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं.

"तक्रार मीच केली, दादा," ती हळू आवाजात म्हणाली. "ते गेले. मृतदेहाची ओळख पटवायला मीच गेले होते. आईंना पटत नाही. दिवसभर त्या खुर्चीतून हलत नाहीत, जेवणसुद्धा तिथेच. एकदा फोन सुरू होऊ दे. सुरू असूनही आला नाही, की मानतील."

टॉवरवाल्याला त्या दोघींची दया आली. त्याने मुकाट्याने वायर उपटली. काटा खाली बसला आणि मिठाची गुळणी धरून बसलेल्या गल्लीला वाचा फुटली. इकडून तिकडून फोन वाजू लागले.

म्हातारीच्या मांडीवरचाही वाजला.

ती चष्मा चाचपडत होती तोवर सुनेनेच तो उचलला. ती "हॅलो" म्हणाली आणि मग नुसती ऐकत राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने फोन बंद केला.

"कोण गं?"

"राँग नंबर, आई."

असल्या घरातून पाय काढलेला बरा, म्हणत टॉवरवाल्याने यंत्र काखोटीला मारलं. अर्ध्या जिन्यात सुनेने त्याला गाठलं.

"दादा, ते परत लावून द्या."

"अहो ताई! तुम्हीच तर काढायला सांगितलंत. रुग्णवाहिकेचं काय? आणि फोन होता कुणाचा?"

ती कठडा घट्ट धरून उभी होती.

"इतके दिवस फोन का लागत नव्हता, विचारत होते," ती म्हणाली. "आता पोचतोच म्हणाले."

टॉवरवाल्याने खाली, उघड्या फाटकाकडे एकदा पाहिलं आणि यंत्र घेऊन तो पुन्हा वर चढू लागला.