पावणेनऊ पिढ्यांचा उद्धार

"अहो, तुमच्या पावणेनऊ पिढ्यांत कुणी कधी घर हलवलं होतं का? म्हणे मी बांधतो सामान! ही गाठ आहे की उंदराचं घरटं?"

उन्हं अजून कौलांवरून खाली उतरली नव्हती, तोच मिस्त्रीणबाईंनी तोंड सोडलं आणि गल्लीतल्या कोंबड्यांनी आपलं आरवणं आवरतं घेतलं. या बाईला गाव माघारी 'कर्णा' म्हणायचं. लाउडस्पीकरचा असतो ना, तसला. तिच्या आवाजाने एकदा शेजारच्या म्हशीचं दूध सडातच नासलं होतं म्हणतात. म्हैसवाला हे शपथेवर सांगतो. म्हैस मात्र या विषयावर गप्प असते.

अंगणात मिस्त्री उकिडवा बसून हत्यारांसाठी खोकं ठोकत होता. बायकोची सरबत्ती ऐकून त्याने मान खाली घातली, फळीवर टेप ताणली, नखाने खूण केली आणि करवत चालवली. फळी तुटली ती बरोबर पावणेनऊ इंचांवर.

कुंपणापलीकडून शेजारीण सुस्कारली. "पावणेनऊ पिढ्या म्हणे! ही पाऊण पिढी कुठली गं बाई?"

"हा मिस्त्रीच की," सामान न्यायला आलेला टेम्पोवाला चाकाला टेकून म्हणाला. "अख्खा होता. पाव हिने खाल्ला."

दोघं हसली. मिस्त्रीही हसला. त्याला हसावंच लागायचं.

मिस्त्रीचं नाव पंचक्रोशीत मोठं. त्याने शाळेसाठी केलेलं टेबल इतकं सपाट होतं की सुट्टीत एका कोंबडीने त्यावर अंडं घातलं, ते एकवीस दिवस तसूभरही हललं नाही, आणि बाविसाव्या दिवशी त्यातून पिल्लू निघालं तेही मधोमध उभं. पण अडीच वर्षांपूर्वी त्याच्या टेपवरचे आकडे मुंग्या झाले. आधी मुंग्या, मग मुंग्यांची रांग, मग नुसती पांढरी पट्टी. डॉक्टर म्हणाले, डोळ्यामागची नस वाळली. वाळलेल्या लाकडाला पालवी फुटत नाही, हे मिस्त्रीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आंधळ्या सुताराकडून दार कोण करून घेणार? आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना बायको माप सांगायला लागली, तर झाकली मूठ उघडीच की. तेव्हा दोघांनी मिळून तोड काढली. ती केर काढायच्या, पाणी द्यायच्या निमित्ताने जवळून जायची, टेपकडे डोळा टाकायची आणि नवऱ्याला शिव्या घालायची. शिवीतला पहिला आकडा ते माप. "साडेतेरा वाजवले माझ्या संसाराचे!" म्हटलं की साडेतेरा इंच. लोकांचे बारा वाजतात, कर्ण्याचे साडेतेरा, म्हणून गाव पोट धरून हसायचं. आकडा कानावर पडला की तेवढी लांबी तीस वर्षं मुरलेल्या हाताला आपोआप सापडायची, आणि मिस्त्री खूण करायचा. दारं चौकटीत अशी बसायची, जशी पापणी डोळ्यावर.

त्याआधी हीच बाई इतकं हळू बोलायची की सून घरात आहे की नाही हे बघायला सासू चुलीपाशी डोकवायची. गावाला वाटलं, चाळिशी उलटली की बायका अशाच व्हायच्या.

दोन महिन्यांपूर्वी करवतीने मिस्त्रीच्या अंगठ्याचं मांस नेलं. त्या दिवशी तिने ठरवलं, पुरे. शहरात लेकीने एक खोली बघून ठेवली. गावात सांगितलं, मोठ्या कारखान्याने मिस्त्रीला बोलावलंय, साहेब लोकांची कपाटं करायला. आता उरला होता हा एक दिवस. दिवस मावळेपर्यंत कुणाला काही कळलं नाही, तर मिस्त्री या गावातून मिस्त्री म्हणूनच जाणार होता. कळलं, तर तीस वर्षांच्या कामाचं नाव निघणार होतं 'आंधळ्याची दारं'.

दुपारपर्यंत वारा सुटला. काळ्या रानातली धूळ उठून गल्लीत आली आणि बांधून ठेवलेल्या बोचक्यांवर म्हशीच्या कातड्यासारखी बसली. मिस्त्रीणबाईंनी भांडी गोधड्यांत गुंडाळली, गोधड्या सतरंजीत, सतरंजी दोरीत. कपबश्या पिठाच्या डब्यात, पिठात खुपसून ठेवल्या. नवऱ्याच्या हातात एकेक बोचकं देताना ओठ न हलवता ती पुटपुटायची, "दगड आहे, डावीकडून," आणि लगेच गल्लीसाठी मोठ्याने, "बघताय काय बैलासारखे? उचला!"

सगळं नीट चाललं होतं. मग पेटीची पाळी आली आणि त्याच वेळी लोहार आला.

लोहाराने हे घर घेतलं होतं. मिस्त्रीचा बरोबरीचा, लहानपणापासूनचा दोस्त, आणि दोस्तीत जेवढी जळजळ चालते तेवढी सगळी त्याच्याकडे होती. घारीसारखे डोळे. चार दिवसांपूर्वी त्याने मिस्त्रीला रस्त्यात हात केला होता आणि मिस्त्री तसाच पुढे गेला होता. तेव्हापासून त्याला कसला तरी वास लागला होता.

पेटी सागवानी. लग्नानंतरच्या वर्षी मिस्त्रीने याच खोलीत बसून केलेली. लांबीला माणूसभर, उंची आणि रुंदी सारखीच. बाहेरून टेम्पोवाला आणि म्हैसवाला ओढायला लागले, आतून मिस्त्रीणबाई ढकलायला. पेटीचं तोंड खांब रेटत चौकटीत घुसलं आणि बाटलीच्या बुचासारखं घट्ट बसलं. पुढे नाही, मागे नाही. घराला दार एकच. बाई आत, मिस्त्री बाहेर, मध्ये पेटी.

घोळ कुठे झाला ते मिस्त्रीला तेव्हाच समजलं.

दोन वर्षांपूर्वी जुन्या चौकटीला वाळवी लागली, म्हणून त्याने नवी बसवली. माप होतं एकोणतीस. बिजागऱ्या घेऊन लोहार शेजारी उभा, म्हणून शिव्यांतूनच माप यायचं होतं. पण त्या दिवशी बाई खरोखरच चिडलेल्या होत्या. घरात मीठ नव्हतं. येता येताच कडाडल्या, "सत्तावीस वेळा सांगितलं, मीठ आणा म्हणून!" मिस्त्रीने सत्तावीसवर लाकूड कापलं. मापाची शिवी नंतर आली, तोवर करवत पलीकडे गेली होती. दार झालं, माणसं ये-जा करायला लागली, रात्री दोघं तोंडावर पदर आणि हात धरून हसली. पेटीची आठवण कुणालाच झाली नाही.

"काय रे मिस्त्री!" लोहार खुशीत आला. "तुझं माप चुकलं? बघू बघू. माझी टेप घे."

"कशाला रे? काढतो पेटी."

"असं कसं? घर आता माझं आहे. माझ्या दाराचं माप मला कळायला नको?" त्याने टेप काढली, पेटीच्या वर चौकटीला आडवी लावली आणि बाजूला झाला. "हं. वाच."

गल्ली गोळा झाली होती. मिस्त्री वाकला. पांढरी पट्टी. एक मुंगीसुद्धा नाही.

आत अंधारात मिस्त्रीणबाईंनी तो 'वाच' ऐकला. त्यांना टेप दिसत नव्हती. पण या चौकटीचं माप त्या जन्मात विसरल्या नसत्या.

"सत्तावीस जण जमलेत आणि एक पेटी निघेना!" आतून भोंगा वाजला. "मी काय इथेच मरू?"

मिस्त्रीने श्वास सोडला. "सत्तावीस," तो म्हणाला.

लोहार टेपवर झुकला. मग अगदी गोड आवाजात म्हणाला, "सत्तावीस? मला तर एकोणतीस दिसतंय. बघा रे, मी काय आंधळा झालो?"

टेम्पोवाला पुढे झाला. "एकोणतीस आहे."

म्हैसवाला वाकला. "एकोणतीसच की, मिस्त्री!"

वारासुद्धा थांबला म्हणतात. आत बाईंनी पेटीचा काठ इतका घट्ट धरला की नखं लाकडात रुतली. शिवी सुचेना. अडीच वर्षांत पहिल्यांदा कर्णा बंद पडला.

मिस्त्रीने हात पुढे केला. चौकटीवरून बोटं टेपवर आणली, टेपवरून हळूहळू तिच्या टोकापर्यंत नेली आणि तिथे अंगठा फिरवला. जखम अजून पुरती भरली नव्हती, त्यामुळे फार बारीक कळत होतं.

"लोहारा, टेपची आकडी कुठे आहे?"

"कसली आकडी?"

"टोकाला पत्र्याची असते ती. तुझ्या टेपचे पहिले दोन इंच मोडलेत. भट्टीत पडली होती का? तुम्ही लोक टेप वाचता. मी दार मोजलं."

लोहाराने टेप डोळ्यांजवळ नेली. ती दोनच्या आकड्यापासून सुरू होत होती.

"तरीच!" म्हैसवाला किंचाळला. "तरीच माझ्या गोठ्याचं फाटक दोन इंच आखूड! वर्षभर म्हशीला दोष देतोय मी!"

हशा असा उसळला की टेम्पोच्या काचा थरथरल्या. लोहाराचं तोंड तापल्या सळईसारखं झालं. पण तो सोडणारा नव्हता.

"बरं, सत्तावीस. आणि पेटी?"

"अठ्ठावीस."

"म्हणजे अठ्ठावीसची पेटी घरात असताना तू सत्तावीसचं दार बसवलंस? तूच सांग, हे डोळे असलेल्या माणसाचं काम आहे का?"

हसणं हळूहळू विरलं.

"मी सांगितलं होतं!" आतून आवाज आला. "मीच! ते म्हणत होते एकोणतीस ठेवू. मी म्हटलं, सत्तावीस करा. साऱ्या गावाचा डोळा माझ्या पेटीवर! दाराबाहेर जाताच कामा नये, म्हटलं. आणि नाही केलं, तर जेवायला घालणार नाही, असंही म्हटलं!"

गावाला हे लगेच पटलं. कर्ण्याबद्दल काहीही पटायचं.

"बघा," शेजारीण म्हणाली. "उपाशी ठेवायची धमकी! काय काय सोसलं असेल बिचाऱ्याने."

मिस्त्री चौकटीपाशी खाली बसला. उजव्या खांबाच्या बुडाशी त्याने स्वतःच मारलेल्या दोन पाचरी होत्या. बोटांनी त्या शोधल्या, हातोडीने खालून दोन ठोके दिले, आणि लहान पोराचा हलता दात निघावा तसा खांब बाहेर आला. पेटी निघाली. त्याने खांब पुन्हा जागेवर लावला, पाचरी ठोकल्या. या सगळ्यात त्याची मान वळून रस्त्याकडेच होती.

"बघतसुद्धा नाही!" टेम्पोवाला थक्क झाला. "हा माणूस डोळे मिटून दार बसवेल!"

लोहाराने मान डोलावली आणि पहिल्यांदाच मनापासून म्हणाला, "हरलो, बाबा. असा मिस्त्री आता या गावात होणे नाही."

ऊन कलल्यावर निरोप झाले. मिस्त्रीच्या पाठीवर किती हात पडले त्याला मोजदाद नाही. म्हैसवाला तर गळ्यात पडून रडला. मिस्त्रीणबाई बाजूला उभ्या होत्या, हातात कंदील, काखेत उशी. त्यांच्यापाशी फक्त शेजारीण आली.

"बाई, एक सांगते, राग मानू नका. आता तरी त्यांना दोन घास सुखाने खाऊ द्या."

मिस्त्रीने ते ऐकलं. त्याचा चेहरा बदलला. "थांबा," तो सगळ्यांना म्हणाला. "जाताजाता मला एक सांगायचंय. ही माझी बायको आहे ना, हिने—"

"चढा वर!" ती असं ओरडली की तो दचकला. "दिवसभर बडबड, बडबड! तुमच्या पायी अंधार होईल! चढा म्हणते ना!" आणि दंडाला धरून तिने त्याला टेम्पोत जवळजवळ ढकललंच.

"काय ही बाई," मागे कुणीतरी म्हणालं.

टेम्पो निघाला. दोघं मागे, बोचक्यांमध्ये, पेटीवर बसली होती. गाव संपलं, पूल आला, गेला. ती काहीच बोलेना. बराच वेळ गेला तशी मिस्त्रीला भीती वाटली. त्याने हात पुढे करून हवेत चाचपलं.

"आहेस ना गं?"

"आहे."

"त्यांना सांगू दिलं नाहीस मला."

"नाही."

"मग आता बोल तरी. काय दिसतंय ते सांग."

तिने पदराने डोळे टिपले.

"नांगरलेलं रान आहे," ती म्हणाली. "ढेकळं आहेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं आहेत."

"किती?"

"मोजली नाहीत," ती म्हणाली, पण इतकं हळू की टेम्पोच्या खडखडाटात त्याला पुन्हा विचारावं लागलं.