गोजराबाईची गाठ

आणीबाणी उठली त्या वर्षी आमच्या गावात दोनच गोष्टी जोरात चालत: पंजाबरावची जीप आणि पंजाबरावचं तोंड. त्यातली जीप अधूनमधून बंद पडे.

जीप हिरवी, लष्करातून निवृत्त झालेली. बाजाराच्या दिवशी पंजाबराव तिच्यात माणसं, मेथी, कोंबड्या आणि वांगी सारख्याच आपुलकीनं कोंबून मालेगावला न्यायचा. जागा संपली की मागचं फळकं आडवं पाडायचा. दोन बाजूंच्या दोन साखळ्यांवर ते बाकड्यासारखं तोललं जाई. त्यावर बसायचा मान म्हाताऱ्यांचा आणि लहान पोरांचा. पडलेच तर गाडीचं नुकसान कमी, असा त्यामागे विचार असावा.

एका बाजाराच्या दिवशी त्या फळक्यावर गोजराबाई बसली होती. गोजराबाई म्हणजे नाल्याकाठच्या मळ्याची मालकीण. विधवा, काटक, बोलायला कमी. मांडीवर तिची नात रुख्मी. वळणावर कट्‌कन आवाज झाला, फळक्याची एक बाजू खाली गेली. गोजराबाईनं एका हातानं हुडाचा पाइप धरला. दुसऱ्या हातातून रुख्मी घसरली आणि रस्त्यावर पडली. कोपराचं हाड मोडलं. ते बसलं, पण जरा वाकडं बसलं.

लोक रुख्मीभोवती जमले, तेवढ्यात पंजाबरावनं फळकं वर करून बंद केलं आणि तोंड उघडलं.

"म्हातारी झोपली होती भाऊ! मी आरशात पाह्यलं."

त्या जीपला आरसा नव्हता. पण गावाला तेवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत चहाच्या हॉटेलात पंजाबरावनं त्यात भरही घातली, "हिच्या हातून मेथीची जुडी नाई सुटत, नात बरी सुटली!" लोक हसले. मेथीची जुडी हा शब्द पुढं गोजराबाईच्या मागं लागला. मालेगावच्या बाजारात, शेलूबाजारच्या थांब्यावर, जिथं जिथं जीप थांबे तिथं तिथं तो तिच्या आधी पोचलेला असे.

ते तिनं सोसलं. सोसवलं नाही ते घरातलं. सून वच्छला भांडणारी नव्हती. ती फक्त म्हणायची, "राहू द्या आत्याबाई, मी घेते तिले." रुख्मीला न्हाऊ घालायचं, राहू द्या. मळ्यात न्यायचं, राहू द्या. रुख्मी आजीकडे हात करायची, तेव्हा वच्छला तिला अलगद दुसऱ्या बाजूला वळवायची. एवढ्या सभ्यपणानं कुणी कुणाचं काळीज काढलेलं मी पाहिलेलं नाही.

आठवडाभरानं गोजराबाई पंजाबरावच्या घरी शेपू द्यायला गेली. तीन मुलींवर त्याला मुलगा झाला होता, बायको दुर्गाबाई बाळंतीण होती, आणि बाळंतिणीला शेपू कुणाच्याही मळ्यातून जातो. त्यात वैर बघत नाहीत. खोलीत पाळणा होता. एका बाजूला जुनी, काळी साखळी. दुसऱ्या बाजूला जाड, आणि तिच्या आकड्याला हिरवा रंग.

गोजराबाई उठली, बाहेर आली आणि अंगणातल्या जीपच्या मागं गेली. फळक्याला एका बाजूला साखळी, दुसऱ्या बाजूला नवीकोरी तार. तारेखाली सुतळीचा तुटका शेंडा अजून लोंबत होता. म्हणजे पाळणा टांगायला साखळी कमी पडली, ती ह्यानं जीपची काढली, आणि तिच्या जागी सुतळी बांधून वर तिच्या नातीला बसवलं.

तिनं आरडाओरडा केला नाही. बाळंतिणीच्या खोलीत भांडायचं नसतं, आणि झोपलेल्या लेकराच्या पाळण्याखाली तर नाहीच. ती शेपू ठेवून घरी गेली. पंजाबरावला वाटलं, म्हातारी निवली. म्हातारी चुलीवरच होती, नुसतं झाकण ठेवलं होतं.

मुलगा जावळाचा झाला. दुर्गाबाईचा नवस मंगरूळपीरच्या दर्ग्याचा: मुलगा झाला तर तिथं जावळ काढीन आणि कंदुरीचं जेवण घालीन. बकरा, भाऊबंद आणि मोठी पातेली आदल्या दिवशीच पुढं गेली. घरची माणसं जीपनं निघायची. रिवाज असा की लेकरू घरातून दर्ग्याच्या पायरीपर्यंत मामाच्या मांडीवर न्यायचं. मामा होते भगवंतराव. माणूस देवासारखा, पण कोणतंही वाहन चालू झालं की त्यांना झोप लागे. एकदा तर उभ्या बैलगाडीत लागली होती.

दुर्गाबाई म्हणाली, "दादाच्या मांडीवर सुटं लेकरू मी देत नाई. बांधा त्याले."

पंजाबरावनं मिशीवर हात फिरवला. दारात आम्ही दहा-पंधरा जण उभे होतो, आणि श्रोते दिसले की त्याला राहवत नसे.

"बलवा गोजराकाकीले! बांधायच्या कामात तिचा हात कोण धरते? फक्त नात सोडून सारं पक्कं बांधते थे!"

बोलावणं गेलं. गोजराबाई आली. मागं भावकीतली म्हणून वच्छला, रुख्मीला कडेवर घेऊन.

"कायले बलावलं रे?"

"पोराले मामासंगं बांध काकी. पण झोपू नको हो बांधता बांधता."

"नाई झोपत," ती म्हणाली. "मऊ लुगडं दे दुर्गा. नवं दे."

तिनं बांधलं ते मी जवळून पाहिलं. आधी भगवंतरावांना पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्याशी. मग लेकराला भगवंतरावांशी: पोटावरून नाही, मांड्यांच्या मुळाशी एक वेढा, दोन्ही खांद्यांवरून एकेक. प्रत्येक वेढ्याखाली बोटं घालून पाहिली. लेकरानं पाय हलवले, मामाची मिशी ओढली आणि खूश झालं. मग गोजराबाईनं सीटच्या मागं गाठ मारली. पदर आडवा घेऊन मारली.

"जावळाआधी सुटाची नाई," ती म्हणाली. दुर्गाबाईला बरं वाटलं. मग गोजराबाई आणि वच्छलासकट आम्ही सगळे मागं कोंबून बसलो.

शेलूबाजारच्या पुढं एक म्हैस रस्त्यावर आली. पंजाबराव मागं वळून काहीतरी सांगत होता, त्यामुळं म्हशीला त्यानं उशिरा पाहिलं. ब्रेक लागला. मागचे आम्ही सगळे एकमेकांच्या मांडीवर, भगवंतरावांचं पागोटं रस्त्यावर, पंजाबरावचं कपाळ काचेवर. लेकरू जागचं तसूभर हललं नाही. ते हसलं. भगवंतराव जागे झाले, "आलं का?" म्हणाले, आणि पुन्हा झोपले.

दुर्गाबाईनं दोन्ही हात गोजराबाईच्या पायाला लावले.  वच्छला रुख्मीचं वाकडं कोपर चोळत राहिली.

दर्ग्यापाशी पातेली उतरली होती. रश्श्याचा वास वेशीपर्यंत होता. पण जावळ झाल्याशिवाय पंगत बसत नाही. हज्जाम वस्तऱ्याला धार लावून तयार. पंजाबरावनं गाठीला हात घातला.

गाठ सुटेना. ब्रेकच्या हिसक्यानं ती सुपारीएवढी झाली होती. त्यानं नखं लावली. दोघा भाऊबंदांनी नखं लावली. मग पंजाबरावनं दात लावले, आणि दातच हलला.

"सुरी आना रे!"

"खबरदार!" चार बायका एकदम ओरडल्या. "जावळाआधी लेकराच्या अंगावरच्या कापडाले लोखंड?"

हज्जामही म्हणाला, "पहला लोहा मेरे उस्तरेका. नाहीतर मी हात लावत नाही."

"मग इथंच जीपमधी काढ!"

"मन्नत दर्गे की मानी है या जीप की?"

तेव्हा कुठं पंजाबरावला गाठ कुणाची ते आठवलं. गोजराबाई लिंबाच्या सावलीत बसून तंबाखू मळत होती.

"काकी वो, सोड ना."

"सोडते. साखळी काहून काढली ते सांग."

"कोनती साखळी?"

गोजराबाईनं तंबाखू तोंडात टाकली आणि दुसरीकडं पाहिलं. पंगतीच्या जागेवर बसून राहिलेले भाऊबंद उठून जवळ आले. उपाशी माणसासारखा पंच नाही.

"जीपच्या फळक्याची. ज्या दिवशी माही नात पडली, त्या दिवशी थे कुठं होती?"

"तुटली होती."

"तुटली?"

"म्हंजे... ढिली होती."

"मंग ढिली साखळी गेली कुठं?"

एक भाऊबंद म्हणाला, "सांगून टाक ना पंजाब. रस्सा निवून राह्यला."

"पाळण्याले लावली," पंजाबराव चपलेकडं बघत म्हणाला.

दुर्गाबाई पुढं झाली. "माह्या लेकराच्या पाळण्याले? अन् तिच्या नातीले काय लावलं?"

"सुतळी."

कुणीच हसलं नाही. आम्ही सगळ्यांनीच त्या फळक्यावर कधी ना कधी आमची पोरं बसवली होती.

"झोपली होती का मी?" गोजराबाईनं विचारलं.

"नाई."

"मले नको सांगू. तिकडं तोंड कर, लोकाइकडं. अन् सारं सांग."

"गोजराकाकी झोपली नव्हती. साखळी म्या काढली. सुतळी तुटली."

"त्या मागच्या पातेल्यापाशीच्या बायकाइले ऐकू नाई आलं."

पंजाबरावनं पुन्हा सांगितलं, ओरडून. हज्जामानं वस्तरा बाजूला ठेवून ऐकलं.

गोजराबाई उठली. सीटच्या मागं गेली, कापडाचं एक टोक शोधलं, चिमटीत धरून एक हिसका दिला. लुगडं खाली पडलं. भगवंतराव जागे झाले आणि म्हणाले, "जावळ झालं का?"

जावळ झालं. पंगत झाली. पंजाबरावला हलत्या दातानं बोटी खाता आली नाही. गोजराबाईनं त्याला आग्रहानं वाढल्या.

निघताना वच्छला रुख्मीला घेऊन सासूपुढं उभी राहिली. मान खाली. "आत्याबाई, घेता का हिले? माहे हात भरून आले."

वच्छलाचे हात त्या दिवशी सकाळपासून भरून आलेले असणार. सांगायला तिला आत्ता सुचलं. गोजराबाईनं नात घेतली, पुढं गेली आणि भगवंतरावांना उठवून त्यांच्या जागी बसली. वच्छलानं तेच लुगडं दोघींभोवती गुंडाळलं. पंजाबराव गाडी हळू चालवत होता. इतकी हळू की सायकलवाले वळून बघत होते.

आम्हाला वाटलं, संपलं. शेलूबाजार आलं तशी गोजराबाई म्हणाली, "थांब."

"आता काय काकी?"

"इथंबी सांगतलं होतं ना तू? मेथीची जुडी? उतर."

पंजाबरावनं बायकोकडं पाहिलं. दुर्गाबाई म्हणाली, "ऐकू नाई आलं का? उतरा."

तो उतरला. थांब्यावरच्या हॉटेलवाल्यापुढं जाऊन उभा राहिला आणि घाईघाईनं म्हणाला, "भाऊ, गोजराकाकी झोपली नव्हती. रुख्मी पडली थे माह्यामुळं."

हॉटेलवाला कपबशी पुसत होता. त्यानं पंजाबरावकडं पाहिलं, जीपकडं पाहिलं.

"कोन रुख्मी?"

गोजराबाईनं नातीला मांडीवर नीट बसवलं आणि काचेवर बोटानं टकटक केलं.

"पयलेपासून सांग त्याले," ती म्हणाली.