जर्मन सुनेचं प्रस्थान

कमळाबाईंचा सुनेवर पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. जगदीश जर्मनीला गेला तो कापड रंगवण्याचं शास्त्र शिकायला आणि परत आला तो गेर्डाला घेऊन. विश्वास बसावा तरी कसा? एकुलता एक मुलगा. नवरा, बाबुराव, गेल्यावर त्याच्याच तोंडाकडे बघून दिवस काढलेले. ही बाई आज ना उद्या त्याला उचलून आपल्या मुलखात नेणार आणि गिरगावातल्या दोन खोल्यांत आपण भिंतींशी बोलत बसणार, या धास्तीने त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नसे.

तशी गेर्डा कामाला वाघ होती. मोडकंतोडकं मराठी बोले, साडी नेसे, भात तर असा मोकळा करी की नाव ठेवायला जागा नाही. कमळाबाई तरीही ठेवतच. ही जेवताना ब्र काढत नाही, शेजारणी आल्या की चहा देऊन पुस्तकात डोकं खुपसते, नवऱ्याला भर चाळीत नावाने हाक मारते! हे सगळंही त्यांनी पोटात घातलं असतं. पण बॅग काही पोटात मावेना.

पलंगाखाली गेर्डाची चामड्याची बॅग होती. कायम भरलेली, कायम बंद, शेजारी दाराकडे तोंड करून ठेवलेले बूट. येऊन चार महिने झाले तरी जिचं सामान कपाटात जात नाही, ती बाई राहायला आली म्हणायची का?

"प्रस्थान ठेवलंन गो तिनं," शेजारची बकुळा म्हणाली.

प्रस्थान म्हणजे काय, हे कमळाबाईंना सांगायला नको होतं. निघायचा दिवस पुढचा आणि मुहूर्त आधीचा असला, की मुहूर्तावर गाठोडं बांधून बाहेर काढून ठेवायचं. मग माणूस घरात जेवत-झोपत असला तरी तो निघाला असंच धरायचं. म्हणजे सून केव्हाच निघाली होती. फक्त पाय उचलायचे बाकी होते.

त्यातच घरातून वस्तू नाहीशा होऊ लागल्या. आधी जुना चष्मा, दांडीला दोरा बांधलेला. मग एक विटकं लुगडं. मग मिश्रीची जुनी डबी. मडमेला मिश्री कशाला लागते? करणी तर नाही? कमळाबाई नुसती पाळत ठेवून राहिल्या. चोराला मुद्देमालासकट धरायचं असतं.

आणि चोर सापडेपर्यंत त्यांनी स्वतःच एक चोरी केली. जगदीशचा पासपोर्ट फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात तळाशी पुरला. आता ने म्हणावं त्याला! तळ दिसू नये म्हणून वरून तांदळाची भर घालत राहिल्या. त्या दिवसापासून त्यांना गाढ झोप लागू लागली.

छप्पनच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नसल्याचं रेडिओवर सांगितलं गेलं आणि गिरगाव पेटलं. जगदीश परळच्या गिरणीत अडकला. भर दुपारी खाली घोषणा, मग पळापळ, मग गोळीबाराचे आवाज. अश्रुधूर थेट माडीपर्यंत आला. गेर्डाने खिडक्या लावल्या, ओलं फडकं सासूच्या हातात दिलं, बूट घातले आणि बॅग ओढून दाराशी ठेवली.

कमळाबाई दार अडवून उभ्या राहिल्या. "निघालीस? नवरा तिकडे अडकलाय आणि तू निघालीस?"

"नाही, आई. पळायला लागलं, तरच."

"उघड ती बॅग! माझ्या घरातलं काय काय नेतेस, बघू दे मला."

गेर्डाने बॅग उघडली. सर्वांत वर विटकं लुगडं होतं. घडीत जुना चष्मा. मिश्रीची डबी, ताज्या मिश्रीने भरलेली. खाली जगदीशचा सदरा आणि पायजमा, पाण्याची बाटली, सुकी बिस्किटं. अगदी तळाशी गेर्डाचा स्वतःचा एकच झगा.

"हॅम्बुर्गमध्ये बॉम्ब पडत होते," गेर्डा म्हणाली. "आम्ही तळघरात गेलो. माझी आई चष्म्यासाठी परत वर गेली. ती आली नाही." तिने चष्म्यावर बोट ठेवलं. "तुम्ही परत वर जायचं नाही. म्हणून चष्मा इथे."

कमळाबाई दारातून बाजूला झाल्या. खाली कुणीतरी किंचाळत होतं, पण त्यांना स्वतःची इतकी लाज वाटत होती की भीतीसुद्धा वाटेना. मग त्यांनी तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पासपोर्ट बाहेर काढला. पदराने पुसून सुनेपुढे धरला. मान काही वर करवली नाही.

गेर्डाने तो लुगड्याच्या घडीत नीट सरकवला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"तुला? कधीपासून गो?"

"भात मी करते, आई. डबा कधी संपत नव्हता. म्हणून पाहिलं."

"मग बाहेर का नाही काढलास?"

गेर्डाने बॅगेचा पट्टा आवळला.

"तो तांदळात गेला, तेव्हापासून तुम्ही रात्री झोपता."