तीच काच, दुसऱ्यांदा

काचेच्या कडेला अंगठ्याचा ठसा उमटला होता, तो त्याने मऊ फडक्याने पुसला, आणि पुसता पुसता त्याच्या लक्षात आलं की आपण मघापासून हसतो आहोत – एकटेच. खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणजे त्याची पंधरा वर्षांची लेक. नाकावर चाचणीची ती जड, काचा बदलायची चौकट चढवल्यामुळे रागावलेल्या घुबडासारखी दिसत होती. पण हसू त्यामुळे नव्हतं.

हसू सकाळचं होतं. कोर्टाने ठरवून दिल्याप्रमाणे शनिवारी आई तिला दुकानाच्या दाराशी सोडायला आली. नवराबायकोत – म्हणजे पूर्वीच्या – हात लांबवला तर लागेल एवढंच अंतर, पण बोलणं सगळं लेकीमार्फत.

"तुझ्या बाबांना सांग, तिकडे रात्रभर मोबाइल बघू द्यायचा आणि डोकेदुखी माझ्याकडे पाठवायची, हे बंद करा म्हणावं. चष्म्याचं दुकान घालून बसलेत, पोरीचे डोळे तेवढे दिसत नाहीत."

"बाबा, आई विचारतेय, जमलं तर माझा नंबर बघशील का?"

"आईला सांग, मागच्याच वेळी बघणार होतो. तुला घेऊन जायची घाई कोणाला झाली होती, तेही विचार."

"आई, बाबा हो म्हणतोय."

थोरल्या मुलाने वसतिगृह गाठून आईबापांना एका झटक्यात निकालात काढलं होतं. धाकटी मात्र दोन्हीकडचं तिखट वाटेतच काढून ठेवून गोड तेवढं पोचवायची. त्याला याचं कौतुकच वाटायचं. पोर हुशार आहे, आपल्यावर गेली आहे... तिची आईही हेच म्हणत असणार म्हणा, फक्त 'आपल्यावर'चा अर्थ बदलून.

मग आई गेल्यावर, पिशवी काउंटरखाली सरकवता सरकवता ती सहज म्हणाली, "सोमवारी जजबाई विचारणारेत ना मला एकटीला? मी सांगणारे, मला बाबाकडे राहायचंय."

त्याने विचारलं नव्हतं! कोर्टाच्या आदेशात स्पष्ट होतं, मुलीपाशी हा विषय दोघांपैकी कोणीही काढायचा नाही, आणि त्याने तो काढला नव्हता. जिभेवर आला तेव्हा गिळला होता. आणि न मागता हे असं पदरात पडलं... दिवसभर गिऱ्हाइकांच्या नाकावर चौकटी बसवता बसवता त्याने मनाशी तिच्यासाठी घरातली खिडकीजवळची खोली रिकामी केली, टेबल हलवलं, आपली कपडे वाळत घालायची दोरी उपटून टाकली. आणि तिच्या आईला हे कळेल तेव्हाचा चेहरा – खरं सांगायचं तर आनंदाच्या जमेला तोही धरलेला होता.

"हं, ठमाबाई. समोरचा तक्ता बघ. ही काच बरी..." त्याने काच बदलली, "...की ही?"

"दुसरी."

फारच लवकर. इतक्या लवकर उत्तर देणाऱ्यांसाठी त्याची एक जुनी सवय होती. काच काढायची, खुळखुळ करत डब्यात हात घालायचा आणि तीच काच पुन्हा बसवायची. माणूस खरंच बघत असेल तर म्हणतो, सारखंच दिसतंय हो. खूश करणारा असेल तर...

"आणि आता?"

"आता मस्त! एकदम स्पष्ट."

त्याचं हसू जरा थबकलं. हात आपोआप पुन्हा डब्याकडे गेला, पुन्हा तीच काच आली, आणि या वेळी ती बसवताना तो खाली वाकला तेव्हा त्याला दिसलं – जाड काचांमागचे ते मोठे झालेले डोळे तक्त्यावर नव्हतेच. ते त्याच्या तोंडावर होते. त्याच्या भुवयांवर, ओठांवर... मघाच्या उत्तराने तो खुलला नाही हे वाचून झालेलं होतं.

"ही... नको, आधीचीच बरी. आधीचीच ना, बाबा?"

"तक्त्याकडे बघ ना."

"बघतेय की. चिडलास?"

"छे गं."

चिडलो नाही. पण सकाळी ती ते वाक्य बोलली तेव्हा कुठे बघत होती? पिशवीकडे... नाही, पिशवी सरकवून झाल्यावर मान वर करून माझ्याकडेच. आणि शुक्रवारी, त्या दुसऱ्या घरात, तिथलं तोंड वाचून काय सांगितलं असेल? हेच वाक्य, फक्त बाबाच्या जागी आई? तिकडेही आज कोणीतरी खिडकीजवळची खोली आवरत असेल, माझा चेहरा आठवून मनाशी हसत असेल... हे खोटं बोलणं नव्हे. तिला कधी कोणी दुसरं काही बोलायला ठेवलंच नव्हतं. सोमवारी बंद खोलीत ती जजबाईंचं तोंड वाचणार, त्यांना बरं वाटेल ते बोलणार, आणि मग ती सज्ञान होईपर्यंत निकाल तोच राहणार.

सांगावं का तिला? की बाई गं, कोणाच्या तोंडाकडे बघू नकोस... पण विषय काढायला तर मनाई होती. आदेशही कधी कधी किती सोयीचा असतो! गप्प बसलं तर ती सोमवारी कदाचित आपलंच नाव घेईल. नुसतं गप्प बसायचं होतं.

तो उठला, तिच्या खुर्चीमागे गेला. तिने मान वळवली. त्याने दोन्ही तळव्यांनी तिचं डोकं धरून हळूच सरळ केलं. तळव्यांना तिच्या कानशिलाची ठकठक लागली.

"मागे का गेलास?"

"इथूनच विचारणार." मागून हात घालून त्याने काच काढली आणि आता खरोखरची दुसरी बसवली. "यात चूक-बरोबर काही नसतं. मला काय वाटेल ते सोड. तुला जे दिसतं ते सांग. वेळ लागू दे." हे तो रोज परक्या माणसांना सांगायचा. 

 बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

"बाबा... आहेस ना?"

"आहे."

 तिची मान किंचित पुढे झाली, खांदे ताठले. ती बघत होती – खरंच बघत होती, बहुधा पहिल्यांदाच. हेच तर हवं होतं... आणि तिचं उत्तर जसजसं लांबत गेलं तसतसं त्याला जाणवत गेलं की आपण श्वास रोखून धरला आहे, खुर्चीची पाठ घट्ट आवळली आहे, आणि मनातल्या मनात, पार गयावया करत, तिने आता पटकन काहीतरी, काहीही, मघासारखं गोड बोलून टाकावं म्हणून वाट बघतो आहोत.